नागपुरातून आयर्लंडची पोस्टडॉक फेलोशिप: फॉर्मच्या आधी काय करायचं

मी एम.ए.ला आयरिश नाटक शिकवते, म्हणून पीएचडी झालेली मुलं घरी येतात आणि चहा यायच्या आतच विचारतात, "मॅडम, फॉर्म कधी निघून राहिला?" फॉर्म शेवटी. आधी विषय, मग मेंटॉर, म्हणजे तिकडचे मार्गदर्शक प्राध्यापक.

आयरिश कवी येट्स आणि टागोर सोडा, त्यावर कपाटं भरली आहेत. नागपुरात बसून जे दिसतं आणि डब्लिनमधून दिसत नाही, तिथून सुरुवात करा. एप्रिल १९१६ घ्या. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली; होमरूल म्हणजे साम्राज्यात राहूनच स्वराज्य. मध्य प्रांत आणि वऱ्हाड तिच्याच कक्षेत. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला, थेट प्रजासत्ताक जाहीर झालं आणि मे महिन्यात म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे तिकडे होमरूलवरचा विश्वास उडत होता तेव्हा इकडे ती मागणी नवीकोरी होती! मग गोपाळराव ओगल्यांच्या नागपूरच्या 'महाराष्ट्र' पत्रात आयर्लंडबद्दल काय छापून येत होतं? टिळकांच्या आतल्या गोटातले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे उठावाकडे कसे पाहत होते? याला प्रश्न म्हणतात. 'भारत व आयर्लंड : एक तौलनिक अभ्यास' हे नुसतं शीर्षक झालं.

यानंतर अर्जातला सगळ्यात अवघड रकाना: हे काम आयर्लंडमध्येच का? बहुतेक जण लिहितात, 'तिथली अभिलेखागारं समृद्ध आहेत.' अहो, १९१३ ते १९२१ या काळातल्या आयरिश स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या १,७७३ साक्षी ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीच्या साइटवर फुकट आहेत. १९०१ आणि १९११ ची जनगणनाही तशीच. धरमपेठेत बसून वाचता येणाऱ्या कागदांसाठी तुम्हाला कोणी विमानाचं भाडं का देईल? ते सगळं आधी वाचून टाका. मग नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडचा कॅटलॉग उघडून, तिथे जाऊनच पाहता येतील असे खासगी कागद नावानिशी लिहा.

मेंटॉरला मेल छोटा हवा. 'रिस्पेक्टेड सर' नको. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. त्यांनी सहीत नुसतं पहिलं नाव लिहिलं की पुढच्या मेलला तेच वापरा, तिकडे त्यात उद्धटपणा नाही. सोबत एक पानाचा आराखडा आणि सीव्ही. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काही नको. त्यांचं अलीकडचं काय वाचलं आणि त्यात तुमचा प्रश्न कुठे अडतो, एवढी दोन वाक्यं बाकी सगळ्यापेक्षा जास्त काम करतात. आयरिश नावांचे उच्चार स्पेलिंगवरून कळत नाहीत, व्हिडिओ कॉलच्या आधी ऐकून घ्या.

योजनांपैकी दोन आधी बघा. 'गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड पोस्टडॉक्टरल फेलोशिप' आता रिसर्च आयर्लंड चालवतं. ही संस्था २०२४ मध्ये आयरिश रिसर्च कौन्सिल आणि सायन्स फाउंडेशन आयर्लंड यांच्या विलीनीकरणातून झाली. दुसरी युरोपियन युनियनची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी फेलोशिप. हिच्यात मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने आयर्लंडमध्ये राहिलेलं चालत नाही; नागपूरकरांना ही अट बहुधा नडत नाही. नडते ती पीएचडीनंतर किती वर्षं झाली ही अट. ती दोन्हीकडे वेगळी आहे आणि वेळोवेळी बदलते, म्हणून त्या वर्षीची मार्गदर्शिकाच वाचा. व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तारीख धरायची की विद्यापीठाच्या पीएचडी नोटिफिकेशनची, हेही तिथेच बघा. आपल्याकडे या दोन्हींत किती अंतर पडू शकतं ते सांगायला नको.

रेफरी, म्हणजे तुमची शिफारस करणारे प्राध्यापक, मागितलेले असतील तर पत्रं बहुधा स्वतः ऑनलाइन भरतात, तुमच्या हाती काही नसतं. अर्जाच्या तारखा पावसाळा संपता संपता ते दिवाळीच्या आसपास येतात, आणि तेव्हा प्राध्यापक मंडळी पेपर तपासण्यात किंवा गावी. म्हणून गणपतीतच त्यांना लॉग-इन करून द्या, शेजारी बसून.

रिसर्च आयर्लंडच्या अर्जाची अंतिम वेळ आयरिश घड्याळाची असते, मारी क्युरीची ब्रसेल्सच्या. आयर्लंडचे दुपारी ४ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेनऊ. त्या दिवशी तरी मोबाइलचा हॉटस्पॉट चार्ज करून ठेवा आणि फॉर्म दुपारीच पाठवून द्या.