खांदा अडकलेल्या प्रसूतीचा सराव आपल्या रुग्णालयात कसा घ्यावा

बाळाचे डोके बाहेर आल्यावर खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाच्या तळाशी समोर असणाऱ्या हाडामागे) अडकला, तर प्रसूतिकक्षातील माणसांच्या हाती अगदी मोजकी मिनिटे उरतात. असा प्रसंग क्वचितच येत असल्याने केवळ अनुभवातून तो हाताळायला शिकता येत नाही. आपल्याकडे मॅनिकिनवरचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकृतीवरचा सराव सुरू करू इच्छिणाऱ्यांनी आधी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील साउथमीड रुग्णालयाचे प्रसूतितज्ज्ञ टिम ड्रेकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध वाचावेत. कारण प्रशिक्षणार्थींना सराव आवडला की नाही एवढ्यावर न थांबता त्यांनी बाळांना होणाऱ्या इजा मोजल्या.

२००८ सालच्या निबंधात त्यांनी सराव सुरू होण्यापूर्वीची १९९६ ते १९९९ ही वर्षे आणि नंतरची २००१ ते २००४ ही वर्षे यांची तुलना केली आहे. खांदा अडकलेल्या प्रसूतींत नवजात बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. मात्र वाचताना मधला आकडा सोडू नये, कारण मला तो अधिक बोलका वाटतो: आईच्या मांड्या पोटाकडे पूर्ण वाकवण्याची मॅकरॉबर्ट्स स्थिती आधी २९.३ टक्के प्रसूतींत दिली जात होती, ती नंतर ८७.४ टक्के प्रसूतींत दिली गेली. उपाय पुस्तकात होताच. तो हातात उतरला नव्हता.

सरावाची जागा म्हणून शक्यतो आपलाच प्रसूतिकक्ष निवडावा, म्हणजे मदतीची हाक कोणाला ऐकू जाते, पायांशी उभे राहायला जागा आहे का, नवजाताच्या पुनरुज्जीवनाचे साहित्य कुठे ठेवले आहे, हे प्रश्न तिथेच उघड होतात. डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी एकत्र सराव करावा. साउथमीडमध्येही प्रसूती विभागातील सर्वांचे प्रशिक्षण एकत्रच झाले. आईच्या जागी एखाद्या सहकाऱ्याला झोपवून मॅनिकिन तिच्याजवळ धरल्यास तिच्याशी बोलण्याचाही सराव होतो. याच गटाच्या अभ्यासात अशा सरावानंतर संवादाचे गुण अधिक मिळाले होते.

प्रसंग सुरू होताच काय अडचण आहे ते मोठ्याने सांगून मदत बोलवावी, डोके बाहेर आल्याची वेळ एकाने लिहून ठेवावी, त्यानंतर मॅकरॉबर्ट्स स्थिती द्यावी आणि जघनास्थीच्या वर दाब द्यावा. गर्भाशयाच्या माथ्यावर मात्र कोणीही दाबू नये आणि डोके जोराने ओढू नये. पाहणाऱ्याने या दोन चुका दिसताच सराव थांबवावा. एवढ्याने खांदा सुटला नाही, तर हात आत घालून बाळाचा मागचा (आईच्या पाठीकडचा) हात बाहेर काढणे किंवा खांदे फिरवणे, या कृती प्रत्येकाने स्वतः कराव्यात. नुसते पाहून त्या येत नाहीत, आणि सर्वाधिक वेळ द्यायचा तो इथेच. याच गटातील जोआना क्रॉफ्ट्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या चाचणीत प्रशिक्षणापूर्वी ४२.९ टक्के, तर नंतर ८३.३ टक्के सहभागींना मॅनिकिनवर बाळ बाहेर काढता आले. ओढण्याचा जोर मोजणारे मॅनिकिन ज्यांना मिळाले, त्यांचे यश अधिक होते. परवडत असेल तर तसेच घ्यावे.

सरावानंतर लगेच चर्चा करावी. ती व्यक्तीच्या दोषांवर नव्हे, तर कोणती कृती कधी झाली यावर असावी. हा सराव वर्षातून एकदा सर्वांसाठी सक्तीचा ठेवावा.

हे करताना ब्रिस्टलचे आकडे आपल्याकडेही आपोआप उतरतील, असे मात्र गृहीत धरू नये. याच गटाचा प्रशिक्षण कार्यक्रम स्कॉटलंडमधील प्रसूती विभागांत राबवून त्याची यादृच्छिक चाचणी घेतली, तेव्हा कमी अ‍ॅपगार गुण (जन्मल्याबरोबर बाळाची प्रकृती कशी आहे हे सांगणारे गुण) असलेल्या बाळांच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. म्हणून काय मोजायचे हे पहिल्या सरावाआधीच ठरवावे. लहान रुग्णालयात इजा मुळातच इतक्या थोड्या असतात, की त्यांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. त्याऐवजी खांदा अडकलेल्या प्रत्येक प्रसूतीच्या नोंदीत डोके आणि धड बाहेर आल्याच्या वेळा, वापरलेल्या कृतींचा क्रम आणि जघनास्थीमागे अडकलेला पुढचा खांदा उजवा की डावा, हे लिहिलेले आहे का, ते दर तीन महिन्यांनी तपासावे आणि जे सुटलेले दिसेल ते पुढच्या सरावात घ्यावे.