मासळी-व्यवहाराच्या जाळ्यातले गट शोधताना
हर्णै बंदरावर कोण कोणाला मासळी विकतं, या नोंदींतून गट काढताना मॉड्युलॅरिटीवर (गटाच्या आतले दुवे अपेक्षेपेक्षा किती जास्त आहेत, हे सांगणाऱ्या मापावर) विसंबू नका. ती आपसात दाट जोडलेलेच गट शोधते. होडीमालक एकमेकांना विकत नाहीत, पण ठरावीक व्यापाऱ्यांना विकतात. असा गट तिच्या हाती लागत नाही. त्यासाठी स्टोकॅस्टिक ब्लॉक मॉडेल वापरा, म्हणजे कोणता गट कोणत्या गटाशी किती जोडला जातो यावरून गट पाडणारं मॉडेल. तेही डिग्री-करेक्टेड, म्हणजे प्रत्येकाच्या दुव्यांची संख्या कमी-जास्त असते हे हिशेबात धरणारं. साधं मॉडेल बरेचदा फक्त जास्त गिऱ्हाइकांचे आणि कमी गिऱ्हाइकांचे असे ढीग पाडतं. ग्राफ-टूल या पायथन लायब्ररीत हे मॉडेल वेगवेगळ्या सुरुवातींनी किमान 20 वेळा चालवा, सर्वांत कमी डिस्क्रिप्शन लेंग्थची (मॉडेल आणि नोंदी मिळून मांडायला लागणाऱ्या माहितीची लांबी) विभागणी ठेवा. गटसंख्याही त्यातूनच ठरते. दर वेळी गट बदलणारी माणसं कोणत्याच गटात ठामपणे घालू नका. जून-जुलैच्या मासेमारीबंदीतल्या नोंदी आधीच वेगळ्या काढा, तेव्हाचे व्यवहार निराळे असतात.