हात गेला म्हणण्याआधी रंगाची बाटली उघडून बघा

आईचं आजारपण आणि मग तिचं जाणं, यात माझं फॅब्रिक पेंटिंग आणि गोधडीकाम अडीच वर्षं बंद पडलं. पंचवटीतल्या घरी पुन्हा पेटी उघडली त्या दिवशी मांजरपाटावर एक साधं पान काढलं. रंग दाणेदार उतरला, रेघ जागोजागी तुटली. आपला हात गेला, असं वाटून मी पेटी मिटली आणि आणखी तीन महिने तिच्याकडे बघितलं नाही.

हात गेला नव्हता, बाटलीतला रंग खराब झाला होता. मोठ्या खंडानंतर परतताना सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. जुन्या सामानाचा दोष आपण स्वतःच्या माथी घेतो, आणि मन आधीच खचलेलं असलं की तो पटतोही लगेच.

म्हणून आधी सामान तपासा. फॅब्रिकचे रंग अ‍ॅक्रिलिक असतात. त्यातलं पाणी उडालं की प्लॅस्टिकसारखा पापुद्रा तयार होतो आणि तो पाण्यात परत विरघळत नाही. रंग नुसता दाट झाला असेल तर मीडियमचे, म्हणजे या रंगात मिसळायच्या तयार द्रवाचे, चार थेंब घालून काडीने ढवळा, बहुधा सुधारतो. गुठळ्या झाल्या असतील किंवा आंबूस वास येत असेल तर बाटली टाकून द्या. पाणी ओतून चालवून घेऊ नका. पातळ रंग धाग्याधाग्यातून पसरतो आणि पानाची कड फुटते. जलरंगाच्या वड्यांचं मात्र उलट आहे. भेगा पडलेल्या वडीवर दोन थेंब पाणी टाकून दहा मिनिटं थांबलं की ती पुन्हा रंग देते, त्यामुळे त्या घाईने फेकू नका. ब्रशमध्ये अ‍ॅक्रिलिक वाळून बसलं असेल तर घरात पडून असलेल्या सॅनिटायझरमध्ये थोडा वेळ बुडवा. त्यातल्या अल्कोहोलने रंग मऊ पडतो, मग साबणाने धुवा. रिळाचा दोरा हाताने ताणून बघा. सहज तुटला तर त्याने गोधडी शिवू नका.

कापडाची चूक त्याहून साधी आहे. नाशिकच्या मेन रोडवरून आणलेलं कोरं मांजरपाट आपण उत्साहाच्या भरात तसंच रंगवायला घेतो. त्यात खळ असते. रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात पापुद्रे सुटतात, शिवाय कापड आटून चित्र आक्रसतं ते वेगळंच. कोमट पाण्यात साबणाने धुवा, मऊपणासाठीचं लिक्विड घालू नका. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर खळ अजून आहे, लगेच आत शिरला तर कापड तयार आहे.

पावसाळ्यात इस्त्रीची घाई नको. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंग बोटाला कोरडा लागतो, पण आतून ओला असतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसात दोन-तीन दिवस थांबा. मग उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं ठेवून, इस्त्री सतत हलवत तीन-चार मिनिटं फिरवा. ही उष्णता सुती कापडाची, सिंथेटिकवर चालवू नका.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. पहिल्याच आठवड्यात मी आईची येवल्याची पैठणी गोधडीसाठी कापायला काढली होती. मामीने हात धरला. "अगं थांब. ही कापलीस की पुन्हा जोडता यायची नाही. आधी माझ्या जुन्या परकरावर हात बसव." वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवर विरतं. पैठणी उजेडात धरली तेव्हा घडीच्या रेषेवर जरीची तार काळवंडलेली दिसली आणि बोट लावताच दोन धागे सुटले. थरथरत्या हातात कात्री घेऊन अशा कापडाजवळ जायचंच नाही.

अर्धवट राहिलेलं कामही पहिल्या दिवशी काढू नका. माझ्या गोधडीत सुई तशीच टोचलेली राहिली होती. गंजून तिथे तांबूस ठिपका पडला होता. पांढऱ्या सुती कापडावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं की असा डाग फिका होतो. रंगीत कापडाचा मूळ रंगच उतरू शकतो, तिथे ठिगळ लावा. जुना धावदोरा बारीक होता, आताचा मोठा पडतो. तो उसवून सारखा करायच्या नादी मी लागले नाही. आईच्या उशाशी बसून घातलेले टाके तसेच राहू दिले.

वेळेचं म्हणाल तर अख्खा रविवार राखून ठेवू नका, रोज वीस मिनिटं बसा. गोदाघाटावर चित्र काढायला जायचं असेल तर थोडे दिवस थांबा, तिथे मागे उभं राहून बघणारे फार असतात.

मामीच्या परकरावर आतापर्यंत अकरा पानं झाली आहेत. पैठणीची घडी मी दर महिन्याला बदलते. कापलेली नाही.