सिंहगडावर पाऊस आहे का? गार्मिनच्या घड्याळालाच विचारा

कोथरूडमध्ये लख्ख ऊन आणि सिंहगडावर धो धो पाऊस, हे पुणेकरांना नवं नाही. निघण्याआधी गडावरचा पाऊस मनगटावर दिसावा, एवढंच ॲप बनवू.

घड्याळातलं ॲप इथे थेट इंटरनेटवर जात नाही. त्याची मागणी ब्लूटूथवरून फोनमधल्या गार्मिन कनेक्ट या ॲपकडे जाते, तिथून सर्व्हरकडे. उत्तरही त्याच अरुंद वाटेने येतं, म्हणून थोडकंच मागायचं.

१. संगणकावर कनेक्ट आयक्यू एसडीके (गार्मिनच्या घड्याळांसाठी ॲप बनवायचा संच) आणि व्हीएस कोड या कोड-एडिटरचं मंकी सी एक्स्टेन्शन टाका; मंकी सी ही या ॲपची भाषा. नव्या प्रोजेक्टच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती आणि परवानग्या असलेल्या फाइलमध्ये, ‘कम्युनिकेशन्स’ परवानगी द्या.

२. हवामानासाठी ओपन-मेटिओ ही ऑनलाइन सेवा वापरा. घरगुती वापराला एपीआय की (सेवेची ओळख-किल्ली) लागत नाही. अक्षांश १८.३७, रेखांश ७३.७६ आणि ‘करंट’मध्ये (आत्ताची स्थिती) फक्त ‘प्रेसिपिटेशन’ (पाऊस). आठवड्याचा अंदाज मागायचा मोह आवरा. पत्ता एचटीटीपीएसचाच हवा.

३. मागणी पाठवणाऱ्या ‘मेकवेबरिक्वेस्ट’ या फंक्शनला चार गोष्टी द्यायच्या: पत्ता, पॅरामीटर, ऑप्शन (गेट पद्धत, जेसन उत्तर) आणि उत्तर आल्यावर चालणारं कॉलबॅक फंक्शन. हा कॉल ‘ऑनअपडेट’ या फंक्शनमध्ये लिहू नका. पडदा रंगवताना ते पुन्हा पुन्हा चालतं, मागण्या तुंबतात आणि उणे १०१ हा कोड येतो. ॲप उघडताना एकदा आणि बटण दाबल्यावर, एवढं पुरे.

४. कॉलबॅकमध्ये आधी कोड तपासा. २०० (म्हणजे उत्तर नीट आलं) असेल तरच आकडा उचला, मग ‘रिक्वेस्टअपडेट’ने पडदा ताजा करा. उणे १०४ म्हणजे फोन जोडलेला नाही, उणे ४०२ म्हणजे उत्तर फार मोठं. अशा वेळी पडद्यावर नुसतं शून्य दाखवणं घातकच: बघणारा ‘पाऊस नाही’ असं समजून निघेल. काय बिघडलं ते सरळ लिहा, उदा. उणे १०४ ला ‘फोन सापडेना’.

सिम्युलेटर (संगणकावरचं नकली घड्याळ) संगणकाचंच इंटरनेट वापरतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं. खरी परीक्षा घड्याळावर, फोनचं ब्लूटूथ बंद करून. आणि ओपन-मेटिओचा आकडा हवामान-मॉडेलचा आहे, गडावर ठेवलेल्या पर्जन्यमापकाचा नव्हे.

ॲपऐवजी वॉचफेस (वेळ दाखवणारा घड्याळाचा मुख्य पडदा) करायचा असेल तर हा कॉल थेट चालत नाही. पडद्यामागे चालणारी बॅकग्राउंड सर्व्हिस लिहावी लागते. ती वेळ लावून चालवली तर पाच मिनिटांतून एकदाच जागी होते आणि तिला तीस सेकंदांत काम उरकावं लागतं. म्हणून आकड्याशेजारी तो कधीचा आहे ती वेळही छापा.