उतरती रेघ म्हणजे घाट नव्हे

अकरावीत स्थान-काल ग्राफमधली उतरती रेघ दिसली की मला वाटायचं, गाडी घाट उतरतेय. मार्क तिथंच जायचे.

शेवटी सोलापुरातल्या आमच्या घरात शहाबादी फरशीवर चालूनच बघितलं. उंबरठा म्हणजे शून्य. धाकटी बहीण दर सेकंदाला टाळी वाजवायची. 8 सेकंदांत 8 फरशा पुढं, 3 सेकंद उभा, मग 4 सेकंदांत माघारी. (आई म्हणाली, येडं झालंय पोरगं.)

कागदावर मांडलं: रेघेचा चढ, म्हणजे सेकंदाला किती फरशा, आधी 1, मग सपाट, मग उणे 2. म्हणजे उतरती रेघ माघारी येण्याची!

वेग-काल ग्राफ काढला तर त्याच चालण्याचं चित्र पार वेगळं: 1 वर आडवी रेघ, मग शून्यावर, मग अक्षाखाली उणे 2 वर. रेघ आणि अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे चाललेल्या फरशा: वरचं 8, खालचंही 8. विस्थापन, म्हणजे निघालो तिथून शेवटी किती लांब, ते शून्य, तुडवल्या मात्र 16 फरशा.