जुन्या गाडीचे काटे चुकीचं दाखवत असतील तर गेज बदलायच्या आधी हे तपासा

पेट्रोलचा काटा तळाला पडलेला, टेंपरेचर कायम लाल पट्ट्यात, आणि बरेच जण काय करतात तर सगळ्यात आधी नवीन गेज मागवतात. थांबा जरा. गेज खराब होतं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा भानगड वायरिंगची असते आणि त्यातही अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या रस्त्याची. ओरिजिनल गेज एकदा काढून टाकलं की तसंच्या तसं परत मिळणं कठीण, डायलचा रंग नाहीतर काट्याचा आकार कुठेतरी वेगळा दिसतोच आणि मग पूर्ण डॅशबोर्डची मजा जाते. म्हणून आधी नीट शोधा.

पहिली गोष्ट, तुमच्या गाडीत कुठलं गेज वायरवर चालतं ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑइल प्रेशरला बारीक पाइप येते आणि टेंपरेचरला इंजिनपासून थेट गेजपर्यंत जाणारी केशनळी असते, तिथे करंटचा संबंधच नाही. ती नळी चुकून कापलीत तर गेज गेलंच म्हणून समजा. वायरवाल्या गेजचा हिशोब मात्र सोपा असतो, एका बाजूने इग्निशनचा करंट येतो, दुसऱ्या बाजूने वायर सेंडरकडे, म्हणजे टाकीत किंवा इंजिनवर बसवलेल्या मोजणाऱ्या भागाकडे जाते आणि सेंडर आपल्या बॉडीतून अर्थ घेतो. सेंडरचा रेझिस्टन्स बदलला की काटा हलतो, बस एवढंच.

आता हत्यार हातात घेण्याआधी फक्त चावी फिरवून बघा, कारण अर्धा शोध इथेच लागतो. सगळे काटे एकदम मेलेत? मग फ्यूज नाहीतर मेन फीड. सगळे एकदम जास्त दाखवतायत? स्टॅबिलायझर, म्हणजे गेजचा व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डबा. एकच काटा वेडा झालाय? मग फक्त त्याची वायर, त्याचा सेंडर आणि शेवटी तो स्वतः. हेडलाइट लावली की काटा सरकतो किंवा इंडिकेटरच्या तालावर डुलतो, तर अर्थ कच्चा आहे, डोळे झाकून अर्थच धरा.

या स्टॅबिलायझरबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या बायमेटल गेजना (यात दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि काटा हलवते) सरळ 12 व्होल्ट दिलेले चालत नाहीत, म्हणून मध्ये एक छोटा डबा असतो जो करंट चालू बंद चालू बंद करत सरासरी 10 व्होल्ट देतो, फोर्डच्या बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत हीच सरासरी 5 व्होल्टच्या आसपास असते. डिजिटल मल्टीमीटर लावला तर आकडे नुसते उड्या मारतात आणि माणूस म्हणतो हा खराब आहे, पण जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलायझरमध्ये उड्या मारणं हेच बरोबर असतं. टेस्ट लॅम्प लावा, लुकलुकला तर काम चालू आहे, नुसता जळत राहिला तर नाही. आणि त्या डब्याची बॉडी अर्थला लागलेलीच पाहिजे, अर्थ सुटला की आतली पट्टी तापत नाही, कॉन्टॅक्ट चिकटलेले राहतात, पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात आणि पेट्रोल टेंपरेचर दोन्ही वर चढतात. डॅशला नवीन रंग मारल्यावर काटे जास्त दाखवायला लागले असतील तर आधी हा स्क्रू सोडून खालचा रंग खरवडा.

वायर शोधताना रंग फार कामाला येतात. लुकासच्या, म्हणजे बऱ्याच ब्रिटिश गाड्यांतल्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे इग्निशननंतरची फ्यूजवाली, फिकट हिरवीवर हिरवी रेघ म्हणजे स्टॅबिलायझरकडून गेजकडे, हिरवीवर काळी रेघ टाकीच्या सेंडरकडे, हिरवीवर निळी रेघ टेंपरेचर सेंडरकडे, आणि नुसती काळी म्हणजे अर्थ. पण इतक्या वर्षांत कुणीतरी मध्येच हाताला लागेल ती वायर जोडलेली असते, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवा पण मीटरने खात्री करा. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघूनच सुरुवात करा.

मुख्य टेस्ट अशी. सेंडरवरची वायर काढा, चावी ऑन करा. स्मिथ्सचं बायमेटल गेज असेल तर काटा खाली पडला पाहिजे. चावी बंद, ती वायर जंपरने (सुट्या वायरच्या तुकड्याने) चांगल्या अर्थला जोडा, चावी परत ऑन, आता काटा हळूहळू फुलकडे गेला पाहिजे, बायमेटल सावकाश चढतं म्हणून घाई करू नका पण वर पोचला की लगेच चावी बंद करा, तसंच धरून ठेवलंत तर आतली वाइंडिंग जळते. काटा गेला म्हणजे गेज आणि वायर दोन्ही चांगले, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. नाही गेला तर तीच टेस्ट थेट गेजच्या मागच्या टर्मिनलला करा, तिथे चालला तर मधली वायर तुटलीये. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांत पेट्रोलच्या काट्याचं मात्र उलटं असतं, वायर काढली की काटा फुलच्या पुढे आणि अर्थ केली की रिकामा. टाकीपाशी काम करताना जोडणी नेहमी चावी बंद ठेवून करा, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको म्हणजे नको.

सेंडरचा अर्थ बघायला मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक सेंडरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकावर, वायर लावलेली आणि चावी ऑन. 0.1 ते 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कमजोर. नुसती कंटिन्युइटी बीप वाजली म्हणून समाधान मानू नका, एक तार धरून राहिलेली वायरसुद्धा बीप देते आणि लोड आला की झोपते. टाकीच्या सेंडरला रबरी गॅस्केट असतं, त्यात टाकी रंगवलेली, स्क्रू गंजलेले, मग अर्थ मिळणार कुठून? बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर टाका, मी तर प्रत्येक गाडीत टाकाच म्हणेन. टेंपरेचर सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली असेल तर ती काढा, तो सेंडर आट्यांतूनच अर्थ घेतो.

बुलेट कनेक्टर, म्हणजे दोन वायरी जोडणारी गोळीच्या आकाराची टोकं, एकदा तरी उघडून बघा. वरून रबर चांगलं दिसतं, पण वायर ओढून बाहेर काढली की पितळेच्या टोकावर हिरवी भुकटी आणि मागे तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. अशा तारेवर टर्मिनल परत दाबून काही होत नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा आणि नवीन बुलेट लावा. अर्थच्या जागा पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, मग वरून थोडं ग्रीस. ज्या गाड्यांत गेजच्या मागे प्रिंटेड सर्किटचा पातळ पत्रा असतो तिथे तांब्याची पट्टी चिरलेली आहे का तेही उजेडात धरून बघा.

अँपमीटरला, म्हणजे बॅटरीत येणारा जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरला, वरची कुठलीही टेस्ट लावायची नाही, हे मनापासून सांगते. तिथे बॅटरीचा जाड करंट चावी बंद असतानाही असतो, टर्मिनल बॉडीला टेकलं तर वायरिंग पेटू शकतं. डॅशच्या मागे हात घालण्याआधी बॅटरी काढा, आणि अँपमीटरचे नट सैल आहेत का, भोवतीचं इन्सुलेशन तपकिरी झालंय का एवढं बघून घट्ट करा. आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यानंतर बंद पडलं असेल तर वायर शोधत बसू नका, स्मिथ्सची जुनी आरपीएम मीटर कॉइलला जाणाऱ्या वायरमधला करंट ओळखून चालतात आणि नवीन इग्निशनशी त्यांचं नेहमी जमतंच असं नाही.

सगळं करूनही काटा चुकीचाच? मग सेंडर काढून मल्टीमीटर लावा आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हाताने हळूहळू वर न्या, ओहम सलग बदलले पाहिजेत, मध्येच उडी मारली तर आतली तार झिजलीये. स्मिथ्सच्या बायमेटलला साधारण 250 ओहमला रिकामं, 70च्या आसपास अर्धं आणि 20ला फुल. जीएमला 1965 नंतर 0 रिकामं आणि 90 फुल, जुन्या फोर्डला 73 रिकामं आणि 10 फुल. सेंडरच्या जागी 68 ओहमचा रेझिस्टर लावून स्मिथ्सचा काटा मध्याजवळ थांबला तर गेज ठणठणीत आहे, फक्त सेंडर बदला, आणि नवीन सेंडर बसवायच्या आधी त्याचे ओहम याच आकड्यांशी जुळवून बघा, कारण दिसायला सारखे दिसणारे सेंडर वेगळ्या रेंजचे निघतात आणि मग टाकी एकदा खाली उतरवली की परत तेच काम.