कूलरचं गवत भरताना इथे चुकू नका

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. धूळ झाडणं, पंख्याला तेल देणं सगळ्यांना येतं. टाकी मात्र नुसती खंगाळू नका, आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पाणी भरलं की जिवंत होतात.

खरं काम गवताचं, म्हणजे कूलरच्या जाळ्यांत भरायच्या लाकडाच्या बारीक कापांचं. पहिली चार-पाच वर्षं मी इथेच चुकत होतो. कुणी सांगायचं, गवत जाड भरा, गारवा जास्त. मी दाबून दाबून भरलं. पंखा नुसता घोंघावायचा, हवा येईना. मग पातळ भरलं, तर मे महिन्यात ४५ अंशांची झळ जशीच्या तशी घरात. हवा नेहमी सोपी वाट धरते. जाळीत तळहाताएवढी जागा उघडी राहिली तरी ती तिथूनच कोरडी आत शिरते.

म्हणून नवीन गवत आदल्या रात्री बादलीत भिजवा. पिवळं पाणी आणि लाकडाचा उग्र वास तिथेच निघून जातो. सकाळी निथळून, गुठळ्या हाताने सोडवून जाळीवर पसरा. जाडी दोन बोटं, सगळीकडे सारखी. उजेडासमोर धरून बघा, लख्ख उजेड दिसला तिथे आणखी घाला. वरच्या कडेला मुद्दाम थोडं जास्त भरा, कारण ओलं गवत खाली बसतं आणि वर फट पडते. दुसऱ्या दिवशी ती फट पुन्हा भरायचीच, हे विसरू नका.

आता वरच्या पन्हाळीची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिथे हमखास साचतो. पंखा बंद ठेवून फक्त पंप दहा मिनिटं चालवा. गवतावर कोरडा पट्टा दिसला तर त्याच्या वरचं भोक बुजलेलं आहे.

वायरीत हयगय नको. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासलेलं, पंपाच्या वायरीला पाण्यात जोड नाही. पाणी भरताना किंवा कूलरला हात लावताना प्लग काढाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने कुणाचं तरी घर उजाड होतं. लहान मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नका.

दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवा, हा सल्ला साफ चुकीचा आहे. समोरची एक खिडकी किलकिली हवीच, नाहीतर खोलीत ओल कोंडते आणि घाम वाळत नाही. टाकीत बर्फ टाकण्यातही अर्थ नाही; गारवा पाणी उडून जाण्याने येतो.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या दोन-तीन दिवस आधी जाळ्या काढून गवत दाबून बघा. क्षाराने कडक झालं असेल तर बदला.